झडप बंद, तरी खांब उभे

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी मी सिलिकॉनच्या तुकड्यावर प्लॅटिनमचे नऊ नॅनोखांब उभे केले, आणि दुपारपर्यंत त्यांत प्लॅटिनमचा मागमूसही नसल्याचे उघड झाले.

आमच्या पद्धतीत रेझिस्ट, म्हणजे नक्षी उमटवण्यासाठी आधी लावायचा थर, लागत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात चेंबरमध्ये, नमुन्यापासून जेमतेम केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर आणलेल्या सुईतून, झडप उघडून, प्लॅटिनमच्या सेंद्रिय संयुगाची वाफ सोडतात; इलेक्ट्रॉनांचा झोत, म्हणजे बीम, जिथे थांबतो तिथे पृष्ठभागाला चिकटलेले रेणू तुटतात, त्यांतले उडून जाणारे भाग पंप ओढून घेतो आणि उरलेल्याचा खांब वाढत जातो. नमुना ठेवलेला स्टेज ५२ अंशांनी कलवल्यावर माझे खांब सुमारे ६० नॅनोमीटर जाडीचे आणि सरळसोट दिसले. कोणती मूलद्रव्ये आहेत ते दाखवणाऱ्या क्ष-किरण वर्णपटात कार्बनचे शिखर भलेमोठे होते, पण त्याची मला शंका आली नाही. कारण त्या संयुगाच्या रेणूत प्लॅटिनमच्या एका अणूमागे कार्बनचे नऊ अणू असतात आणि त्यांतले बरेचसे खांबातच अडकून राहतात.

मॅडमनी चित्रांकडे पाहिलेसुद्धा नाही. "झडप उघडल्यावर दाब किती वाढला?" एवढेच त्यांनी विचारले. माझ्याच हस्ताक्षरात वहीत आधीचा आणि नंतरचा आकडा सारखाच होता, म्हणजे वाफ चेंबरमध्ये आलीच नव्हती. पडद्यावर झडपेचे चिन्ह हिरवे झाले होते, पण झडप आत अडकलेलीच होती. वर्णपट पुन्हा उघडला, तेव्हा सिलिकॉनच्या शिखराच्या उजवीकडे, २.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी, सकाळी मला दिसलेला प्लॅटिनमचा फुगवटा नुसताच गोंगाट निघाला.

मग खांब वाढले कशाचे? घाईत मी नमुना फक्त ॲसिटोनने धुतला होता आणि कार्बन टेपवर चिकटवला होता. असे हायड्रोकार्बनचे अंश पृष्ठभागावरून सरपटत बीमपाशी येतात आणि तिथेच थिजतात. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या प्रत्येकाने बीम फिरलेल्या जागी उमटणारा त्यांचा काळा चौकोन पाहिलेला असतो. मी त्याच मळाचे मनोरे बांधले होते.

झडप दुरुस्त झाल्यावर नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन मळ काढून टाकणाऱ्या प्लाझ्मातून (विद्युतभारित वायूतून) काढला, टेपऐवजी क्लिपने बसवला आणि चेंबर रात्रभर पंपावर ठेवला. सकाळी आधी गॅस बंद ठेवून तेच नऊ ठिपके काढले, तर फिकट डागांपलीकडे काही उमटले नाही. त्यानंतर झडप उघडली, तेव्हा मी पडद्याकडे नव्हे, दाबमापकाकडे पाहत होतो.