ढेकर: आला की आली?

परवा दुपारी जेवणानंतरच्या मिटिंगमध्ये आमच्या एका वरिष्ठांना ढेकर आला. चांगला दणदणीत. त्यांनी तोंडाशी हात नेला, पण तोवर उशीर झाला होता. सगळ्यांनी पटापट समोरच्या कागदांत डोकी खुपसली आणि त्या शांततेत माझ्या तोंडून स्वच्छ, खणखणीत शब्द बाहेर पडला, "शाब्बास!"

मुद्दाम नाही हो म्हटलं. माझी मुलगी आता आठ वर्षांची आहे. ढेकर काढण्यासाठी कुणाला खांद्यावर टाकून मी शेवटची उभी राहिले, त्याला साडेसात वर्षं तरी झाली. पण काही शब्द डोक्याला न विचारताच तोंडात येतात. त्यांची पाठ थोपटायला हात गेला नाही, हेच नशीब.

खरं तर आमच्या लहानपणी ढेकर हा गुन्हा होता. शिक्षा अर्थात फक्त लहानांना. आजोबांचा ढेकर दोन खोल्या ओलांडून यायचा आणि त्यावर कुणी पापणीही हलवायचं नाही. आम्ही नुसतं 'ह्प्' केलं तरी "चारचौघांत असं करतात का?" म्हणून डोळे वटारले जायचे. त्यामुळे दादाने या कलेची साधना जिन्याखाली केली. तो हवा गिळून हवा तेव्हा ढेकर काढायचा. नुसता काढायचा नाही, त्यावर पाढा म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा... दम पुरला तर बे पंचे दहापर्यंत मजल जायची. मी महिनाभर त्याची शिष्य होते. मला बे एकेसुद्धा जमलं नाही. गिळलेली हवा आतच राहायची आणि संध्याकाळभर पोट टम्म. "जाऊ दे, तुझ्यात ते नाहीच," असं सांगून दादाने शिकवणी बंद केली.

नेमकं हेच पुढे एका तीन किलोच्या जिवाच्या बाबतीत घडेल आणि त्यावरून मी रात्री-अपरात्री हवालदिल होईन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. बाळंतपणानंतर मात्र हसायचीही चोरी होती. सिझेरियन झालेलं. हसू, खोकला, शिंक यांपैकी काहीही येणार असं वाटलं की आधी उशी शोधायची, टाक्यांवर दाबून धरायची, मग काय ते हसायचं. उशी सापडेपर्यंत विनोद शिळा व्हायचा.

नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. हे आकडे ऐकताना काही वाटत नाही. पाजणं झालं की ढेकर काढायचा आणि तो आल्याशिवाय आडवं करायचं नाही, ही घरातली सर्वमान्य आज्ञा. मग खांद्यावर फडकं, फडक्यावर बाळ, मानेला एका हाताचा आधार आणि दुसऱ्या हाताने थोपटत उभं राहायचं. बसून चालायचं नाही. का, ते विचारू नका. मी बसले की ती रडायची, इतकंच मला कळत होतं. रडायची तेही कोरडं. पहिले काही आठवडे बाळाच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. त्या काळात आमच्या घरात अश्रूंचं सगळं खातं माझ्याकडे होतं.

अंधारात नवऱ्याचा आवाज यायचा, "आली का?"

"नाही आला."

"आली की सांग."

"आला की सांगते."

ढेकर तो की ती, यावर आमच्याकडे आजतागायत एकमत नाही. माझ्या माहेरी ढेकर येतो, त्याच्या घरी ती येते. एरवी मी सोडून दिलं असतं. पण पहाटे तीनला, पोटात कळ उठत असताना, माणूस लिंगभेदावरून भांडू शकतं. ही कळ म्हणजे आणखी एक न सांगितलेली गंमत. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचं वजन सुमारे एक किलो असतं. ते आक्रसत सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. बाळ प्यायला लागलं की हे आक्रसणं जोरात चालतं. तिने तोंड लावलं की माझ्या पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय असं वाटायचं. बाळाचं वजन सगळे विचारत होते. पहिल्या दिवसांत ते थोडं घटलं, तेव्हा फोनवर फोन आले. माझ्या आत जवळजवळ एक किलोची आवराआवर चालली होती, त्याची चौकशी कुणी केली नाही. मीही नाही केली म्हणा. मी ढेकराची वाट बघत होते.

आणि तो आला की काय सोहळा! एवढासा, दार किलकिलं व्हावं तसा आवाज. "शाब्बास!" मी म्हणायची, पलीकडून नवरा म्हणायचा, दुसऱ्या खोलीतून आई म्हणायची. आयुष्यात पुढे पहिला नंबर आला तरी एवढ्या एकमुखाने कौतुक व्हायचं नाही. बहुतेक वेळा ढेकरासोबत दूधही यायचं. बाळाच्या जठराच्या तोंडाशी असलेली झडप अजून ढिली असते, त्यामुळे गुळणी ठरलेलीच. फडकं उजव्या खांद्यावर असलं की गुळणी डाव्या खांद्यावर. माझ्या त्या काळातल्या सगळ्या कपड्यांच्या डाव्या खांद्याला एक फिकट डाग आहे. एक कुर्ता अजून ठेवलाय. कशाला, माहीत नाही. घालत तर नाही.

दादा बाळाला बघायला आला, तेव्हा ती खांद्यावर वीस मिनिटं ढिम्म होती. "दे इकडे," तो म्हणाला आणि तिला खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारल्या. ढेकर! मोठ्या माणसाचा असावा तसा. दादाने माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "बे एके बे." मला उशी सापडली नाही. ते हसणं टाक्यांनी दोन दिवस लक्षात ठेवलं.

घरी आल्यावरच्या दुसऱ्या रात्री मात्र ढेकर आलाच नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. दूध पुरत नसेल, मी नीट धरत नसेन, मला मुळात हे येतच नसेल, असं एकेक मनात येत गेलं. शेवटचं वाक्य दादाच्या आवाजात आलं, तुझ्यात ते नाहीच. तिला थोपटत मी खिडकीपाशी उभी होते. केव्हातरी आई उठून मागे येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटायला लागली. माझाच ठेका, दोन हळू, एक जोरात. मी बाळाला थोपटतेय, आई मला थोपटतेय. मला हमसून रडू फुटलं. आई एवढंच म्हणाली, "निघू दे."

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं रडू येतं, अंगातली संप्रेरकं एकदम खाली येतात, दोन आठवड्यांत बहुतेकींचं ओसरतं. माझंही ओसरलं. माझ्या एका मैत्रिणीचं ओसरलं नव्हतं. सहा महिने ती बाळाला न्हाऊमाखू घालत होती, फोटो पाठवत होती, आणि आम्ही सगळ्याजणी 'किती गोड' म्हणत होतो. डॉक्टरकडे ती गेली, ती फार उशिरा. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

तर, ढेकर. मध्यंतरी वाचनात आलं की चंदीगडमध्ये चक्क यावर चाचणी झाली होती. ती २०१५ साली छापून आली. एकाहत्तर आई-बाळांच्या जोड्या घेतल्या, काहींना ढेकर काढायला शिकवलं, काहींना नाही. निष्कर्ष असा की, ढेकर काढल्याने बाळांचं पोटदुखीचं रडणं काही कमी झालं नाही. गुळण्या मात्र वाढल्या.

मी कागद-पेन घेऊन बसले. दिवसाला दहा वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं, म्हणजे अडीच तास. सहा आठवड्यांचे एकशे पाच. नवऱ्याला सांगितलं, "आपण एकशे पाच तास उगाच उभे होतो."

"तू होतीस," तो म्हणाला. हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं, हे मान्य करायला हवं. मग जरा विचार करून म्हणाला, "पण यायची तर खरी."

"यायचा," मी म्हटलं.

मिटिंगमधले ते वरिष्ठ त्या दिवसापासून जेवणानंतर माझ्या शेजारी बसत नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही बसले नसते.

मुलगी सुट्टीत मामाकडे राहून आलीये. काल जेवण झाल्यावर तिने पाणी पिता पिता हवा गिळली आणि बे त्रिकपर्यंत पोचली. मी डोळे वटारले, चारचौघांचा उल्लेख केला, सगळं रीतसर केलं. बे चोकला तिचा दम संपला.