आठवा आठवडा: वडगाव–येळ्ळूर, थंडी आणि आभाळ

या आठवड्यात चार दिवसांत ३४ किलोमीटर पळालो. बेळगावातलं वडगाव ते जवळचं येळ्ळूर गाव आणि परत हा फेरा दोनदा न थांबता झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला परतीची निम्मी वाट चालत यावं लागायचं, म्हणून फार आनंद आहे.

रात्र निरभ्र गेली की पहाटे बळ्ळारी नाल्याजवळ बोटं बधिर होतात. थंड हवा जड, ती उतरून सखल शिवारात साचते. येळ्ळूर मागे टाकून राजहंसगडाचा चढ लागला की गारठा एकदम सैल पडतो. आधी वाटलं, चढाने अंग तापत असेल. पण रविवारी मित्र मोटारसायकलवरून सोबत आला होता, त्यालाही नेमका तिथेच फरक जाणवला. तेव्हापासून हातमोजे नाल्यापुरते, चढाला लागलो की खिशात.

आभाळ आलं की सगळं उलटं. ढग जमिनीची ऊब धरून ठेवतात, पहाट कोमट वाटते. दुसऱ्या आठवड्यात मसुराच्या शेताकडे निघालेले एक आजोबा म्हणाले, "आज शेकोटी नको बघ, आभाळ भरलंय. लांब जाऊ नको." मी गेलो. येळ्ळूरच्या वेशीवर पाऊस आला, अंगात जाड सुती स्वेटशर्ट. पळत होतो तोवर निभावलं. बूट बांधायला दोन मिनिटं थांबलो आणि वाऱ्याने हुडहुडी भरली. ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं, हे त्या दिवशी पटलं. आता पातळ पॉलिस्टरचा टीशर्ट आणि कमरेला विंडचीटर. निघताना पाच मिनिटं थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत असं समजतो.

पाणी मात्र आठवणीने प्या. थंडीत तहान लागत नाही, घाम तरी जातोच.

अंधाराचंही बघा. संक्रांत झाली, दिवस मोठा होऊ लागला, तरी आपल्याकडे जानेवारीअखेरपर्यंत सूर्य सातनंतरच उगवतो. सहाला निघणाऱ्याने पाठीला लाल दिवा लावावाच. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही, म्हणून मी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, उजव्या कडेने पळतो.

पुढच्या आठवड्यात गडाचा चढ न चालता. रात्री चांदण्या स्वच्छ दिसल्या तर मंगळवारीच.