जीरू मांडीवर बसली की

बाबा रिटायर झाले आणि घरात सगळ्यांचंच बीपी वाढलं. पोह्यांवर सेव कमी का घातली, गीझर कोणी चालू ठेवला, पेपर कोणी चुरगाळला... एका जागी दहा मिनिटं बसणं या माणसाला माहीतच नव्हतं. मग मागच्या पावसाळ्यात आमच्या रामबागेतल्या घराच्या जिन्याखाली एक पिल्लू सापडलं, पांढरं, अंगावर जीरावन (पोह्यांवरचा मसाला) भुरभुरल्यासारखे ठिपके, म्हणून नाव पडलं जीरू.

आता रोज दुपारी चारला ती बाबांच्या मांडीवर चढते, आधी पुढच्या पायांनी लेंगा कणकेसारखा तिंबते, दोनदा गोल फिरते आणि मग घुर्र घुर्र सुरू. बाबा हलत नाहीत. फोन वाजतो, वाजू देतात. बीपीचं मशीन घरातच आहे, एकदा शेजाऱ्यांशी पार्किंगवरून वाजल्यावर १५२ होतं, जीरू मांडीवर घेऊन वीस मिनिटांनी १३४. बाबा जिंकल्यासारखे बघायला लागले तर आई म्हणाली, वीस मिनिटं तोंड बंद ठेवलं तर कोणाचंही उतरेल हो!

आईचंही खरंच आहे म्हणा, पण बाबांचंही अगदीच खोटं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत मुलांना १० मिनिटं कुत्र्यामांजरांना कुरवाळायला दिलं, तर त्यांच्या थुंकीतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालेलं दिसलं. पण घुरघुरीनं माणसाची हाडं जुळतात वगैरे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, ते सिद्ध झालेलं नाहीये, मी बाबांना दहादा सांगितलंय, ऐकत नाहीत, गुडघा तिच्याच बाजूला सरकवतात.

आणि सगळ्यांनाच काही मानवत नाही हं. वहिनी आली की शिंका सुरू. आम्ही केसांना दोष द्यायचो, पण अ‍ॅलर्जीचं प्रोटीन मुळात मांजराच्या थुंकीत आणि कातडीत असतं, ती अंग चाटते आणि ते घरभर होतं. त्यात वहिनीला सध्या दिवस गेलेत, त्यामुळे टोक्सोच्या, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोक्याच्या संसर्गाच्या भीतीनं जीरूची मातीची पाटी रोजच्या रोज साफ करायचं काम बाबांकडे. चक्क करतात! स्वतःची ताटली आयुष्यात कधी उचलली नाही यांनी.

काल आई गच्चीवरून ओरडली, अहो गॅस बंद करा, दूध ठेवलंय. बाबा म्हणे, कसा उठू, झोपलीये ती. गेलं दूध उतू. मग मात्र जीरू आपणहून उठली.