आत्याच्या मुठीत तांदूळ किती?

सुट्टीत सगळे जमायचे म्हटलं, की आमच्याकडे स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात जायचं. यंदा गुडघ्यांमुळे तिला फार वेळ ओट्याशी उभं राहवत नव्हतं. तेव्हा ठरलं की पदार्थ वाटून घ्यायचे, आणि ज्यांचे ते पदार्थ आहेत त्यांनी बसून फक्त चव सांगायची. त्यासाठी आधी पाककृती कोणालाही करता येतील अशा लिहून काढायला हव्या होत्या. ते काम मी मागून घेतलं.

घरात एक जुनी वही आहे, पण ती लिहिणाऱ्याला पदार्थ येतच होता. त्यामुळे तिच्यात ‘दूध बेताचं’, ‘नेहमीसारखं परतून’ असंच सगळं. फोनवर विचारलं तर प्रत्येक जण आनंदाने सांगतो, पण तोंड जे सांगतं ते आणि हात जे करतो ते यात बरंच अंतर असतं. आत्याने फोनवर दुधातल्या तांदळाला, म्हणजे तिच्या तांदळाच्या खिरीला, ‘दोन मुठी, आणि अधूनमधून ढवळायचं’ एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती शेवटची पंधरा मिनिटं पातेल्यापासून हलली नाही.

म्हणून मी वजनकाटा घेऊन तिच्या शेजारी बसले. मात्र तिची मूठ अडवून ती काट्यावर ठेवायला लावली, की तिचा हात बिचकतो आणि नेहमीपेक्षा कमी तरी घेतो नाहीतर जास्त तरी. त्यावर सोपा उपाय आहे. तांदळाचा डबा आधी तोलायचा, तिला हवं तेवढं घेऊ द्यायचं आणि डबा पुन्हा तोलायचा. जो फरक येईल ते प्रमाण. साखर, तेल, दूध, सगळं असंच. आत्याच्या दोन मुठी म्हणजे १०० ग्रॅम निघाले, आणि त्याला १ लिटर दूध.

कपाचं माप मी मुद्दाम टाळलं. कुणाचा कप २४० मिलिलिटरचा, कुणाचा २५०, आणि भाताच्या विजेच्या कुकरसोबत येणारा बहुधा १८० चा. मीठही तसंच. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो, जाड्या मिठाचा त्याहून कमी. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या भांड्यांत शिजणार असेल तर ग्रॅमशिवाय गत्यंतर नाही. फक्त खायचा सोडा आणि जायफळ मी चमच्याने लिहिलं, कारण इतकं हलकं वजन घरचा काटा नीट दाखवत नाही.

पण नुसत्या वजनाने पदार्थ होत नाही. ‘झालं’ हे तिला कशावरून कळतं, ते मला टिपायचं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, “कळतं गं.” मग मी विचारणं सोडून बघत राहिले. ती चमचा दुधात बुडवून उलटा धरते आणि पाठीवरून बोट फिरवते. रेघ उमटून तशीच राहिली, की आच बंद. त्या वेळी पातेल्यात ते पातळच दिसतं, पण निवताना तांदळातला स्टार्च ते आणखी घट्ट करतो. साखरही ती अगदी शेवटी घालते. “आधी घातलीस तर तांदूळ अडून बसतो,” हे तिचं म्हणणं अगदी खरं आहे. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे दाणा फुगायला वेळ लागतो. माझ्या कागदावर मिनिटांच्या शेजारी हा बोटाचा आणि चमच्याचा खुणेचा रकाना आहे, आणि मला तो मिनिटांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. चुली वेगळ्या, पातेली वेगळी. बोटाखालची रेघ मात्र सगळीकडे सारखीच उमटते.

मामाच्या टोमॅटो सूपची गोष्ट जरा नाजूक होती. टोमॅटो, कांदा आणि सोललेला लसूण तेल लावून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाजायचे, मग पाणी घालून उकळायचं आणि वाटायचं. इतकं सोपं सूप दुसरं नाही. पण त्याच्या हातचं मीठ तोलून मी जसंच्या तसं केलं, तर घरातल्या सगळ्या तरुण मंडळींना ते खारट लागलं. वय वाढतं तशी वासाची आणि चवीची जाण मंदावते, आणि हात नकळत पुढे जातो. आम्हाला आठवणारं सूप त्याने वीस वर्षांपूर्वी केलेलं होतं. त्याला काही न बोलता मी मीठ कमी करत गेले आणि भावंडांना चाखायला देत राहिले. ‘हेच ते’ असं सगळे म्हणाले, तो आकडा लिहिला. मोठ्यांकडून पाककृती घेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं: बाकी सगळं त्यांच्या हातावरून घ्यावं, मीठ मात्र खाणाऱ्यांच्या जिभेवरून ठरवावं.

खरी कसोटी होती ती चार माणसांचा पदार्थ वीस माणसांना करण्याची. नुसता पाचाने गुणाकार करून भागत नाही. पाण्याची वाफ वरच्या पृष्ठभागावरून जाते; सूप पाचपट झालं तरी पातेल्याचं तोंड काही पाचपट होत नाही. म्हणून पाणी हात राखून घालायचं आणि लागलं तर शेवटी वाढवायचं. दूध खोल पातेल्यात आटता आटत नाही, तळाला मात्र लागतं. त्यासाठी एका मोठ्या भांड्याऐवजी दोन पसरट भांडी घ्यायची. भाजायच्या कांदा-टोमॅटोची गर्दी केली तर सुटलेल्या पाण्यात ते उकडतात. खमंगपणा यायला पृष्ठभागाचं तापमान १०० अंशांच्या बरंच वर जावं लागतं आणि पाणी आहे तोवर ते जात नाही. त्यांना दोन ट्रे हवेतच.

आईच्या केळ्याच्या केकला तर भूमितीच लागली. दुप्पट मिश्रणाला दुप्पट व्यासाचं भांडं लागत नाही. २० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याच्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळ २८ सेंटिमीटरच्या भांड्याचं असतं. मिश्रणाची उंची तेवढीच राहिली, की भाजण्याच्या वेळेतही फार फरक पडत नाही. केळी सालं काळी पडलेलीच घ्यायची. पिकताना त्यांतल्या स्टार्चची साखर होते, म्हणून साखर कमी लागते. अशी केळी मी आधीच सोलून फ्रीझरमध्ये साठवत गेले.

वाटणी करताना मी एकच नियम धरला. जमण्याच्या दिवशी कोणाला तासाभराहून जास्त वेळ स्वयंपाकघरात थांबावं लागता कामा नये. केक आदल्या दिवशी, सूपही आदल्या दिवशी. मुरलेलं सूप दुसऱ्या दिवशी जास्तच छान लागतं. दूध-तांदळाबाबत मात्र मी कडक होते. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, आणि भांडं बाहेर राहिलं तर त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उथळ ट्रेमध्ये ओतून लवकर निववायचं आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचं. कोणाला दूध, गहू, अंडी किंवा शेंगदाणे चालत नाहीत, हेही आधीच विचारून कागदाच्या माथ्यावर लिहिलं.

त्या दिवशी सूप मामेभावाने ढवळलं, केक सगळ्यात धाकट्या चुलत बहिणीने आणला. आत्या खुर्चीत बसून होती. दुधाच्या ट्रेवरचं झाकण निघालं, जायफळाचा वास आला आणि माझा एरवी अबोल असलेला काका एकदम बोलायला लागला. लहानपणी तापातून उठल्यावर त्याला हेच मिळायचं, आणि ते कोणत्या वाटीत, हेसुद्धा त्याला आठवलं. वासाचा मार्ग मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या फार जवळून जातो, हे मी वाचलं होतं. पण एका माणसाला समोर असं उलगडताना पाहणं निराळं. मग मी वही पुढे केली आणि प्रत्येक पदार्थाखाली ज्याची त्याची आठवण लिहून घेतली. आत्याच्या आणि काकाच्या आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. तिच्या मते आजी त्यात जायफळ घालतच नसे. मी दोन्ही लिहिल्या, दोघांच्या नावानिशी.

आत्याने दोन चमचे खाऊन सांगितलं, “जरा आणखी ढवळायला हवं होतं, कडेची साय मिसळली नाही.” तेही खुणेच्या रकान्यात गेलं. पुढच्या वेळी तिचं लोणी घातलेलं बटाट्याचं भरीत लिहायला घ्यायचं आहे. त्यासाठी बटाट्याचा डबा आणि लोण्याची वाटी, दोन्ही तोलावं लागेल.