कोकणकड्यासाठी घेतलेली लेन्स

कोकणकडा १८ एमएमच्या लेन्समध्ये मावत नाही; एमएमचा आकडा जितका लहान, तितकं रुंद दृश्य येतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स घेऊन मी चारदा हरिश्चंद्रगडावर गेले आणि चारही वेळा कड्याचं डावं टोक तरी कापलं गेलं, नाहीतर उजवं. कडा भिंतीसारखा सरळ नाही, घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला आहे. काठाशी बसलं की दोन्ही बाजूंनी तो आपल्याला कवेत घेतो, आणि मला फोटोत नेमकं तेच हवं होतं.

माझ्याकडे कॅननचा २००डी आहे. त्यावर १८ एमएमला आडवा कोन साधारण ६३ अंश मिळतो, १० एमएमला तोच ९६ अंशांपर्यंत जातो. शाळेत मुलांना कोनमापक शिकवायला लागल्यावर हा हिशेब मी वहीत मांडला, आणि मग काही सुचेना. त्याआधी पाच-सहा फोटो जोडून पॅनोरमा करून पाहिला होता. फुकटात काम होतं, हवा स्थिर असेल तर छानही होतं. पण कड्यावर दरीतून ढग सतत वर चढत असतात. पहिल्या फोटोतला ढग तिसऱ्या फोटोपर्यंत भलतीकडे पोचलेला असतो आणि सांधा दिसतो.

दिवाळीच्या आधी भिशी लागली. १२ हजार रुपये. त्यातले वरखर्चाचे बाजूला काढून लेन्सला साडेदहा हजार ठरवले. म्हणजे सेकंडहँडच.

ओतूरला आमच्या ओळखीतले एक दादा लग्नाचे फोटो काढतात. त्यांच्याकडे टोकिनाची ११-१६ आहे, ११ ते १६ एमएम सगळीकडे एफ २.८ देणारी. एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त आत येतो. एका रविवारी त्यांनी ती मला वापरायला दिली. लेन्स घट्ट, धातूची, हातात घेतली की भरवसा वाटतो. पण वजन अर्धा किलोच्या वर, आणि पुढे लावायचा फिल्टर ७७ एमएम व्यासाचा. परत द्यायला गेले तेव्हा मी विचारलं, "दादा, २.८ नसेल तर अडेल का हो?" ते म्हणाले, "ताई, मला हॉलमध्ये अंधारात पळती माणसं धरायची असतात. तुमचा डोंगर कुठं पळतोय? ट्रायपॉड लावा, एफ ८ ठेवा."

त्यांच्या या एका वाक्याने माझा निर्णय झाला. शिवाय कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य थेट समोर येतो, आणि त्या टोकिनात समोरच्या उन्हाचे फ्लेअरचे डाग जास्त येत होते. मग कॅननची १०-१८ शोधायला लागले. एफ ४.५-५.६, वजन फक्त २४० ग्रॅम, फिल्टर ६७ एमएमचा. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी, प्लॅस्टिकचा आहे आणि पावसापासून संरक्षण नाही, हे दोन उणेपणे मान्य करून. खिरेश्वरकडून टोलारखिंडीची चढण चढताना पाठीवर ३०० ग्रॅम कमी असणं मला धातूच्या माउंटपेक्षा मोलाचं वाटतं.

निकॉनवाल्यांसाठी याच जातीची एएफ-पी १०-२० आहे, २३० ग्रॅमची. पण घेण्याआधी ती आपल्या कॅमेऱ्यावर चालते का ते तपासा. माझ्या सहकारी बाईंकडे डी३१०० आहे. त्यावर ही लेन्स फोकसच करत नाही, हाताने रिंग फिरवूनसुद्धा नाही.

पहिली पाहिलेली लेन्स बाहेरून नवीकोरी होती. दोन्ही झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या लेन्सचा हा मोठा शत्रू आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी तो सहज दिसत नाही. टॉर्चशिवाय जुनी लेन्स कधीच घेऊ नका. दुसरी मुंबईत बोरा बाजारात मिळाली, स्वच्छ, ठरवलेल्या पैशांत.

पहिल्या आठवड्यात फोटो वाईट आले. नाणेघाटातून जीवधनची वानरलिंगी १० एमएमला काढली, तर एवढा थोरला सुळका काडेपेटीतल्या काडीएवढा. वाइड लेन्स लांबचं आणखी लांब ढकलते. लांबचा सुळका हवा असेल तर जुनी १८-५५ बरी. १० एमएमला पायाशी काहीतरी लागतं, अगदी हातभर अंतरावर. दगड, पाण्याचं डबकं, फूल. कॅमेरा जराही वर-खाली कलला की कडेची झाडं आत किंवा बाहेर झुकतात, म्हणून आता आधी स्क्रीनवर ग्रिड लावते. पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारा फिल्टर, या रुंदीला आकाशासाठी वापरत नाही, एका बाजूला निळं गडद आणि दुसरीकडे फिकट असा पट्टा येतो. ओल्या कातळाची चकाकी मारायला मात्र तो हवाच.

आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय, डोंगराला लागत नाही, ट्रायपॉडवर मी ते बंदच करते. पण गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत त्याची किंमत कळली. पाणी मांडीपर्यंत, बर्फासारखं गार, आणि ट्रायपॉड मी वरच ठेवून आलेले. चार खांबांतला उरलेला एक, मधली पिंड आणि वरचं छत, तिन्ही एका चौकटीत बसले. हातात धरून १/६ सेकंदाला.

कड्यावर गेले ती सप्टेंबरमधली सकाळ होती. काठापासून बरीच मागे, सोनकीच्या पिवळ्या ताटव्यात पोटावर आडवी झाले. १० एमएम, एफ ८, फोकस दोन फुटांच्या जरा पुढे. एवढ्यावर वीतभर-दीड वीत अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. जवळच्या फुलाच्या पाकळीवरचं दव दिसत होतं, आणि मागे कड्याची दोन्ही टोकं चौकटीच्या आत होती.