नाकाचं ऑपरेशन: पट्टी निघाल्यानंतरचं खरं वर्ष

शाळेत झोपाळ्याची फळी नाकावर बसली, तेव्हापासून माझं नाक मधोमध उंच आणि डावीकडे झुकलेलं. दिसण्याचं वाईट वाटायचंच, पण जास्त त्रास डाव्या नाकपुडीचा. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा.

बडोद्यातल्या रावपुऱ्यात आमच्या घरी ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, हे कसलं नवीन खूळ?" नवीन मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत नाक नव्याने घडवण्याची कृती आहे. कपाळाची कातडी वळवून कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्यात कसं बनवलं, ते 1794 मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. आत्याला हे सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तीच माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली!

दुर्बीण आणि सीटी स्कॅन झालं. आतला पडदा वाकडा निघाला. तो सरळ करणं आणि वरचा उंचवटा उतरवणं एकाच वेळी ठरलं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर नवं नाक दाखवलं आणि लगेच म्हणाले, "हा अंदाज आहे, हमी नाही." त्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मेडिक्लेमवाले निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च देत नाहीत, म्हणून श्वासाच्या अडथळ्याचा भाग कागदावर वेगळा लिहून घेतला. तारीख मुद्दाम उत्तरायणानंतरची घेतली. पतंगांच्या दिवसांत गच्चीवर कुणाचं कोपर कुठे लागेल, सांगता येत नाही.

पूर्ण भूल होती. दुखलं फारसं नाही, पण नाक चोंदल्यामुळे जीव घाबरा व्हायचा. डोळ्यांखाली काळंनिळं, दोन उशांवर झोप, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.

साधारण आठवड्याने वरची पट्टी निघाली. आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या ओढून काढल्या, तेव्हा डाव्या बाजूने गार हवा आत शिरली आणि मला रडूच आलं. आरशातलं नाक मात्र रुंद, सुजलेलं, शेंडा वर गेलेला. आई काही बोललीच नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं: बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, शेंड्याची उतरायला वर्षभर लागू शकतं, दुरुस्तीचा विचारही सहसा त्याआधी करत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून मी डगमगले नाही. जिला हे कुणी सांगितलेलं नसेल, तिचं त्या दिवशी काय होत असेल!

पुढचे काही आठवडे चष्म्याचं ओझं नाकावर चालणार नव्हतं, म्हणून लेन्स वापरल्या. हसताना वरचा ओठ ताठ वाटायचा. भावाच्या लग्नात मामी चापाची नथ घेऊन मागे लागली होती, तिला हात जोडले.

आता तोंड मिटून झोप लागते. नाकाच्या दांड्यावर बोट फिरवलं की किंचित खडबडीत लागतं, शेंडा अजून थोडा बधिर आहे. वर्ष भरलं की पुढची तपासणी.