तिकडे गोल, इकडे गोल गोल

देवगडात बसून लिव्हरपूल या इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबवर जीव टाकायचा, तर आधी घड्याळाशी जमवून घ्यावं लागतं. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या बहुतेक मॅच थंडीच्या दिवसांत आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ तासभर पुढे करतात, की त्याच मॅच साडेबारावर येतात. घरात जत्रेच्या तिथी पाठ असतात, तसा मला तो रविवार पाठ आहे.

जागरणाचं कोकणात कुणाला अप्रूप नाही. दशावतार बघायला गेलेला माणूस पहाटेच घरी येणार, हे गृहीतच असतं. फुटबॉलसाठी जागलं की मात्र आबा सुरू होतात, "गोरे थंय धावतत आणि जागता कोण, तर आमचो झील!"

आमच्याकडे रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यात मिळते. पडवीत पाऊल टाकलं की पडद्यावर चक्र फिरायला लागतं. मग उरतं ते मिनिटामिनिटाला येणारं लेखी समालोचन. 'कॉर्नर, लिव्हरपूल' एवढंच येतं आणि पुढची ओळ येईपर्यंत तो कॉर्नर मी एकटाच खेळतो. यात प्रत्यक्ष बघण्यापेक्षा जास्त दमायला होतं, पण खरं सांगू, मजाही जास्त येते.

2019च्या मे महिन्यातली बार्सिलोनाविरुद्धची उपांत्य फेरी. तिकडे 7 तारीख, इकडे 8 उजाडलेली. ही फेरी दोन मॅचची, दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे; पहिल्या मॅचमध्ये 3-0 असा मार खाल्लेला, आमचे सालाह आणि फिर्मिनो दोघेही जायबंदी. आणि घरात हापूसची घाई. सकाळच्या टेम्पोला पेट्या द्यायच्या होत्या. खळ्यातच पेंढा पसरून मी आंबे लावत होतो, फोन एका पेटीला टेकवलेला. सातव्या मिनिटाला आमच्या ओरिगीचा गोल. मग वायनाल्डमचे दोन, 54 आणि 56व्या मिनिटाला. हातातला आंबा कुठल्या थरात गेला देव जाणे.

पुढे 79व्या मिनिटाला पडद्यावर चेंडू अजून कॉर्नरच्या झेंड्यापाशी आहे, आणि स्कोअरच्या ॲपने टुणकन सांगून टाकलं, 4-0! चित्र नेहमी मागेच धावतं. आमचा अलेक्झांडर-अर्नोल्ड चेंडूपासून दूर निघाल्यासारखा वळला, तसाच झटकन फिरला आणि त्याने कॉर्नर मारला. बार्सिलोनाचे बचावपटू अजून आपापल्या जागा शोधत होते, ओरिगी मोकळा. त्यांचं काय होणार हे मला ठाऊक होतं, त्या बिचाऱ्यांना नव्हतं.

लांबच्या चाहत्याची उगाच कीव करतात लोक. इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत. माणसांनी घरात न बसता आपल्या गावच्या छोट्या क्लबाच्या मैदानावर जावं, म्हणून 1960च्या दशकापासून चालत आलेली ही रीत. म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानाच्या, ॲनफिल्डच्या, शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या, तिकीट न मिळालेल्या एखाद्या आजोबांना आरोळ्या ऐकू येणार, पण तीनची मॅच टीव्हीवर दिसणार नाही. मला ती दिसते. उन्हाळ्यात साडेसातला, थंडीत साडेआठला, भात-आमटी पुढ्यात घेऊन.

आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मगे तेंका हंयच बोलव. रेंज नसली तरी बांगडे गावतले."